जन्मदाखला कोल्हापुरात काढताय? आधी दवाखान्यातला फॉर्म बघा

जन्मदाखला म्हटले की लोकांना धास्ती वाटते ती महापालिकेच्या खिडकीची. खरे तर ती खिडकी या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. दाखला बिघडतो तो दवाखान्यात, डिस्चार्जच्या गडबडीत, घरातली माणसे पेढे वाटत असताना. पै-पाहुण्यांत किंवा गल्लीत कुणाकडे बाळ झाले की कागदपत्रांचे काम बहुधा माझ्याकडे येते. त्यात 'नाव ठरल्याशिवाय नोंद करू नका', 'शाळेत घालताना बघू', 'एजंटला द्या, तो करतो' हे सल्ले अजून ऐकू येतात. तिन्ही चुकीचे आहेत.

नोंद कुठे होते?

जिथे जन्म, तिथे नोंद. तुम्ही राहता कुठे, आधारवर पत्ता कुठला, याचा काही संबंध नाही. निपाणी, चिकोडीहून किंवा घाट चढून कोकणातून बाळंतपणासाठी कोल्हापुरात येणारे पुष्कळ असतात. त्यांच्या बाळाची नोंद इथेच होते, गावी जाऊन दुसरी करायची नाही. एकाच बाळाच्या दोन नोंदी झाल्या की पुढे त्यातली एक रद्द करून घेत बसावे लागते. जन्म शहराच्या हद्दीत झाला असेल तर कोल्हापूर महानगरपालिका, हद्दीबाहेरच्या गावात झाला असेल तर तिथली ग्रामपंचायत. इचलकरंजीची महापालिका वेगळी. सीपीआर हा सरकारी दवाखाना असो की खासगी, तिथल्या ऑफिसात एकच प्रश्न विचारा: 'तुमचा रिपोर्ट कुठे जातो आणि दाखला कुठे मिळतो?'

मुदत

२१ दिवस. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्याची आहे, घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची.

फॉर्म: इथे थांबा आणि नीट वाचा

दवाखाना जो जन्माचा रिपोर्ट पाठवतो तो बहुतेक वेळा केसपेपर बघून भरला जातो. आता पहिले बाळंतपण माहेरी. केसपेपर उघडला जातो पहिल्या तपासणीला, सोबत आई किंवा भाऊ असतो, आणि नाव सांगितले जाते ते माहेरचे. नऊ महिने कुणी त्याकडे बघत नाही. माझ्या भाचीच्या वेळी नेमके हेच झाले. केसपेपरवरचे बहिणीचे माहेरचे आडनाव जसेच्या तसे रिपोर्टमध्ये उतरले, तिथून दाखल्यावर गेले. आधारवर मात्र तिचे सासरचे नाव. ते दुरुस्त करताना जेवढे हेलपाटे झाले, तेवढे पुढच्या कुठल्याही कागदासाठी झाले नाहीत, कारण दवाखाना 'आमची नोंद बरोबरच आहे' हे वाक्य सोडायला तयार नव्हता.

म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फॉर्म हातात मागून घ्या. 'आम्हीच भरतो, काळजी करू नका' असे उत्तर आले तरी मागा. आई-वडिलांची नावे दोघांच्या आधार कार्डांवरून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, मराठीतही आणि इंग्रजीतही. आईला माहेरचे नाव ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, पण मग आधारवरही तेच असायला हवे.

आपल्याकडे आणखी एक दुखणे आहे ते 'सो'चे. शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, आधारवर बाळासो, घरपट्टीवर नुसते बाळू. बाबासो, आण्णासो, भाऊसो यांच्या घरी हे हमखास सापडते. वडिलांचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असेल तर आधी आधार आणि शाळेचा दाखला एक करून घ्या. त्याला वेळ लागणार असेल तर निदान फॉर्मवर आधारप्रमाणे लिहा. 'राव', 'बाई', 'ताई' हौसेने जोडू नका. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच. चौगुले लिहिताना कुणी 'सी-एच-ओ-यू' लिहितो, कुणी 'सी-एच-ए-यू', आणि दोन्ही वाचायला बरोबर वाटतात. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तोंडी सांगू नका.

बाळाच्या नावाबद्दल माझे मत ठाम आहे: घाईने घालू नका, रकाना रिकामा सोडा. बाराव्या दिवशी बारसे, आधी राशीवरून निघालेले अक्षर, मग आत्याने कानात सांगितलेले नाव, आणि महिन्याभराने हाक मारायला रुळलेले तिसरेच. नावाशिवाय जन्माची नोंद होते, आणि कायद्याने नंतर नाव घालता येते. पहिल्या १२ महिन्यांत शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. इतके थांबू मात्र नका, नाव पक्के झाले की दोन-तीन महिन्यांत घालून मोकळे व्हा. उलट एकदा नाव नोंदले गेले की 'आता दुसरे आवडले' म्हणून ते सहज बदलून मिळत नाही. दुरुस्तीची तरतूद चुकांसाठी आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारने नावाचा क्रम ठरवून दिला आहे: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आजोबांना विचित्र वाटेल, पण नोंद याच क्रमाने करा.

चूक झालीच असेल तर

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणारा अधिकारी, सही आणि तारीख घालतो. लिहिण्यातली साधी चूक असेल तर काम लवकर होते. आईचे आडनाव बदलण्याइतकी मोठी असेल तर माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे निवेदन आणि पुरावे लागतात. माझा अनुभव सांगतो की सगळ्यांत जड कागद म्हणजे 'रिपोर्ट भरताना आमच्याकडून चूक झाली' असे दवाखान्याचे लेटरहेडवरचे पत्र. ते पहिल्यांदा मिळवा, अर्ज नंतर.

मुदत गेली असेल तर

२१ ते ३० दिवस: विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष: ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. एक वर्षानंतर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि त्याआधी निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला. २०२५ पासून राज्यात अशा उशिराच्या अर्जांची छाननी फार कडक झाली आहे. एजंटने आणून दिलेल्या आदेशावर दाखला काढू नका, तो रद्द झाला तर भोगायचे बाळाला.

आणि 'शाळेत घालताना बघू' म्हणणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. आता शाळेचा दाखला दाखवून भागत नाही.

दाखला हातात घेताना

डिस्चार्ज कार्ड आणि दोघांचे आधार घेऊन जा. खिडकीपासून हलण्याआधी जन्मतारीख, लिंग, नोंदणी क्रमांक आणि चारही नावांची स्पेलिंगे वाचा, मागची रांग कितीही कुरकुरली तरी. जास्तीच्या प्रती त्याच दिवशी मागा. लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिकच्या साध्या फाईलमध्ये ठेवा, आणि नोंदणी क्रमांकाचा फोटो आई-वडील दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.