शॅमेलिऑनने खाणे सोडले तर काय करावे

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, दोन दिवस किड्याकडे बघत नाही म्हटल्यावर पाळणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो, आणि पहिला विचार येतो तो त्याचे तोंड उघडून काहीतरी आत ढकलण्याचा. तेवढे मात्र करू नका. या प्राण्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. अंग गार असताना पोटात गेलेला किडा पचत नाही, तिथेच कुजतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी.

हा लेख येमेन-सौदी भागातला वेल्ड आणि मादागास्करचा पँथर, या घरात पाळल्या जाणाऱ्या दोन जातींबद्दल आहे. आपल्या रानातला शॅमेलिऑन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरात ठेवता येत नाही. तसा जखमी किंवा मलूल शॅमेलिऑन सापडला तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. विदेशी जातींचीही २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

सुरुवात हात न लावता, नुसते बघण्यापासून करा. दिवसाउजेडी डोळे मिटून बसणे हे या प्राण्यात कधीच चांगले लक्षण नसते. डोळे खोल गेलेत का? तोंड उघडे ठेवून, नाक वर करून श्वास घेतोय का, नाकातोंडाशी बुडबुडे दिसतात का? जबड्याला सूज किंवा कडेला पिवळसर चिकट थर? पाय वाकडे, चालताना थरथर, फांदीवरची पकड सैल? यातले एकही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लू असेल तर दोन दिवसांचा उपाससुद्धा जास्त. अंगाने भरलेला, डोळे टवटवीत असलेला मोठा नर मात्र कात टाकताना किंवा माजावर असताना काही दिवस कमी खातो. तिथे धीर धरायला हरकत नाही, पण रोज वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, त्यावर एक फांदी ठेवून तिचे वजन वजा करायचे. आठवड्याभरात दहा टक्के वजन उतरले तर न थांबता डॉक्टर गाठा.

आता पिंजरा. ऊन खाण्याच्या फांदीवर, जिथे त्याची पाठ येते नेमके तिथे, थर्मामीटर धरा. वेल्डच्या मोठ्या नराला तिथे २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागतात, मादीला सत्तावीसच्या आसपास पुरे. पिंजऱ्याचा बाकीचा भाग २२ ते २६ अंशांवर असावा, म्हणजे नकोसे झाले की त्याला सावलीत सरकता येते. खोलीत रात्रभर एसी चालत असेल आणि सकाळी ऊब देणारा दिवा उशिरा लागत असेल, तर न खाण्याचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी.

अतिनील-बी (यूव्हीबी) किरण देणारी दिव्याची नळी वेगळी लागते. ती पेटते म्हणजे काम करते असे नाही: उजेड दिसत राहतो, पण किरण मात्र महिन्यागणिक कमी होत जातात. सहा महिने ते वर्षभरात ती बदलावीच लागते. काचेतून हे किरण येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाचा उपयोग शून्य. किरण नाहीत तर ड-३ जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडे मऊ होतात, जीभ फेकणारे स्नायू दुबळे पडतात. असा प्राणी खायला बघतो, पण त्याला खाता येत नाही. जवळून पाहिले तर हे स्पष्ट दिसते: दोन्ही डोळे किड्यावर रोखले जातात, जबडा थोडा उघडतो, जिभेचा गुलाबी गोळा ओठाशी येतो आणि न सुटताच परत आत जातो. हा रुसवा नव्हे. याला डॉक्टरच हवा.

पाण्याचे सांगायचे तर वाटीतले स्थिर पाणी बहुतेक शॅमेलिऑन ओळखतच नाहीत. पानावरचा थेंब हलला, चमकला की जीभ लावतात. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग पिवळा-केशरी झाला असेल तर पाणी कमी पडले आहे. अशा वेळी बाथरूममध्ये कुंडीतले झाड ठेवा, त्यावर त्याला बसवा आणि कोमट शॉवर भिंतीवर मारा, म्हणजे नुसते तुषार झाडावर पडतील. वीस-तीस मिनिटे, तुम्ही तिथे असताना. त्याला पाण्यात बुडवू नका आणि तोंडात पिचकारीही मारू नका. श्वासनळीचे तोंड जिभेजवळ अगदी पुढे असते, पाणी थेट फुप्फुसात जाते.

एवढे झाले की त्याला एकटे सोडा. पिंजरा नजरेपेक्षा उंचावर घ्या, समोरचा आरसा झाका, वरचा पंखा बंद करा, दुसरा शॅमेलिऑन दिसत असेल तर आड पडदा लावा. भीतीने उपाशी राहणारे शॅमेलिऑन फार असतात, आणि दर तासाला डोकावून बघणारे आपणच त्यात भर घालतो.

मादी असेल तर आधी अंड्यांची शंका घ्या. वेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते. पोट गाठीगाठीचे, खाणे बंद, सारखी तळाशी उतरून खरवडते आहे, तर तिला आत मावेल असा डबा द्या, त्यात फूटभर खोल ओलसर वाळू, आणि पिंजऱ्यावर चादर टाका. तिला कोणी बघते आहे असे वाटले तर ती खणायचे थांबवते. खणून दमली, डोळे मिटू लागली आणि अंडी नाहीत, म्हणजे अंडी अडकली. यात तासांचा हिशेब असतो, लगेच डॉक्टर गाठा.

मग अन्न. सकाळी, दिवा लागून तास-दोन तास झाल्यावर, एकच किडा द्या. रोजच्या रातकिड्याला कंटाळलेला प्राणी रेशीमकिडा पाहून हलतो. तो मऊ असतो, आणि त्यातून पाणीही मिळते. जालना-बीडकडे तुतीची शेती वाढली आहे, पण शेडमध्ये किड्यांवर जंतुनाशक भुकटी टाकतात, त्यामुळे विचारल्याशिवाय तिथले किडे आणू नका. काजवे तर चुकूनही नकोत, ते विषारी असतात. किडे फांदीला अडकवलेल्या पेल्यात ठेवा आणि संध्याकाळी उरलेले काढून घ्या. मोकळे सुटलेले रातकिडे रात्री आजारी शॅमेलिऑनलाच कुरतडतात.

डॉक्टरकडे जाण्याआधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी बघतात का. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ते होत नाही. सोबत ताजी विष्ठा डबीत न्या, जंतांची तपासणी त्यावर होते. नळीच्या खोक्याचा, पिंजऱ्याचा आणि कॅल्शियम पावडरच्या डब्याचा फोटोही घ्या. खोक्यात आडवी फांदी बसवून, वर कापड टाकून न्या. सिरिंजने भरवायची वेळ आलीच तर ते डॉक्टरांकडून समोर शिकून घ्या आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू येतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.