शेणाचा ढीग आधी तापू द्या, मग बागेत घाला

शेण उघड्यावर टाकून वर्षभर विसरून गेले की जे उरते, त्यालाच बरेच जण शेणखत म्हणतात. दिसायला ते काळेभोर असते. पण नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपाने उडून गेलेले, पालाश (पोटॅश) पावसाने वाहून नेलेले, आणि तणांचे बी मात्र शाबूत. परसात जागा असेल तर तीन-चार महिन्यांत याहून कितीतरी चांगले खत होते. ढीग तापला पाहिजे, एवढीच अट.

दिवाळीनंतर सुरुवात करा. पाऊस संपलेला असतो, पाचट आणि भुसा मिळतो, आणि वळवाच्या सरी येण्याआधी खत हाती येते.

सावलीची, पाणी न साचणारी जागा निवडा. ढीग लांबी-रुंदी-उंचीला किमान तीन-तीन फूट हवा. त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. बाल्कनीतल्या बादलीत शेण कुजेल, तापणार नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मुरलेले खत विकत आणलेले बरे.

तळाला काटक्या पसरा, म्हणजे खालून हवा खेळते. मग शेणाच्या एका घमेल्याला दोन घमेली सुका पालापाचोळा किंवा बारीक केलेले पाचट, असे थर द्या. जिवाणूंना एक भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) लागतो. गाई-म्हशींच्या शेणात तो साधारण 20 असतो, कोंबडीच्या विष्ठेत 10च्या आसपास. म्हणून कोंबडीखत असेल तर पाचोळा त्या खताच्या चौपट घाला. शेळीच्या लेंड्या कडक असतात, त्या आधी भिजवून फोडून घ्या. कुजवणाऱ्या जिवाणूंचे कल्चर विकत आणायची गरज नाही, शेणात जिवाणू भरपूर असतात. चुना तर अजिबात नको, त्याने नत्र उडून जाते.

ओल किती? मूठभर माल घट्ट पिळला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाचोळा वाढवा. नाकात झोंबणारा वास आला तरी तेच. कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे, ढीग उलटा.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चांगलीच गरम लागली तर काम सुरू झाले. आतले तापमान 55 ते 65 अंशांवर तीन दिवस राहिले की बहुतेक तणबी आणि रोगजंतू मरतात, पण फक्त मधले. कडेचा माल थंडच राहतो. म्हणून दहा-बारा दिवसांनी बाहेरचे आत, आतले बाहेर करा. पुढे दर पंधरवड्याला असे तीन-चार वेळा. कंटाळवाणे काम आहे, पण बहुतेकांचे खत इथेच बिघडते. उलटूनही ढीग तापेनासा झाला की महिनाभर झाकून मुरू द्या.

आता वळवाचे. पहिल्या सरींनंतर हुमणी या किडीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि जमिनीत, शेणखतात अंडी घालतात. ते खत वाफ्यात गेले की पुढे अळ्या मुळे खातात. कोकणात गेंड्या भुंगा उकिरड्यातच वाढतो आणि नारळाचा कोंब पोखरतो. ढिगात इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. खूप असतील तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी, अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी खतात मिसळा.

तयार झाले का, हे मेथी सांगते. ओलसर खतात मूठभर दाणे पेरा. चार-पाच दिवसांत नीट उगवले तर खत वापरा. उगवले नाहीत किंवा मुळे करपली तर अजून मुरू द्या. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरते. झाडांना आळ्यात घाला, बुंध्याला चिकटवून नको. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खायच्या भाज्यांना अर्धवट कुजलेले शेण कधीच घालू नका.