म्युऑनचं आयुष्य मोजायचंय? आधी खोटा डेटा बनवा

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि लगेच क्षय पावणारा कण. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला त्याचं सरासरी आयुष्य मोजायला येणारी मुलं आल्या आल्या विचारतात, "मॅडम, डेटा कधीपासून घ्यायचा?" म्युऑन येऊन थांबला आणि त्याचा क्षय झाला, यामधला वेळ डिटेक्टर आपला रात्रंदिवस मोजतच असतो, त्याची घाई नको. आधी फिटिंगचा, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवर सूत्राचा वक्र बसवण्याचा, प्रोग्रॅम लिहा आणि तो खोट्या डेटावर चालवून दाखवा.

पायथनमधल्या नमपाय लायब्ररीच्या रँडम जनरेटरला ठरावीक सीड (सुरुवातीचा आकडा) द्या, म्हणजे उद्याही तेच आकडे येतील. सरासरी २.१९७ मायक्रोसेकंद असलेल्या एक्स्पोनेन्शियल वितरणातून वेळेचे १०,००० आकडे काढा. त्यात ० ते २० मायक्रोसेकंदांत सपाट पसरलेले वेळेचे २०० आकडे मिसळा. खऱ्या डिटेक्टरमध्येही दोन वेगळे म्युऑन योगायोगाने पाठोपाठ आले की अशीच बॅकग्राउंड तयार होते. मग ०.२ मायक्रोसेकंदाचे बिन (कप्पे) करून हिस्टोग्राम काढा.

फिटला एक्स्पोनेन्शियल अधिक एक स्थिरांक. इथे सगळे डोळे झाकून सायपाय लायब्ररीचं 'कर्व्ह_फिट' फंक्शन वापरतात. सिग्मा, म्हणजे प्रत्येक बिनमधली अनिश्चितता, दिला नाहीत, तर ते ५०० नोंदींच्या आणि २ नोंदींच्या बिनला सारखंच वजन देतं. दिलात, पण 'अ‍ॅब्सोल्यूट_सिग्मा' ट्रू केलं नाहीत, तर एरर स्वतःच्या हिशेबाने लहानमोठी करून परत देतं. सिग्मा म्हणून नोंदींचं वर्गमूळ घेतलंत, तर शेपटीतल्या रिकाम्या बिनमध्ये शून्याने भागाकार! ते बिन गाळणं हा उपाय नव्हे. शून्य नोंद हीसुद्धा मोजणीच आहे. सरळ पॉयसन लाइकलिहूड (मोजणीच्या नोंदींना लागू पडणारी संभाव्यता) घ्या आणि त्याचा ऋण लॉग 'आयमिनुइट' या पायथन लायब्ररीने मिनिमाइझ करा.

उत्तर २.१९७ च्या जवळ आलं, एरर साधारण ०.०२ दिसली, की मुलं खूश. एका फिटवरून काहीच कळत नाही. सीड बदलत हजार वेळा हेच करा. दर वेळी फिटच्या उत्तरातून २.१९७ वजा करा, त्या फिटच्या एररने भागा आणि या आकड्यांचा हिस्टोग्राम काढा. मध्य शून्यापाशी आणि रुंदी १ च्या आसपास हवी. मध्य सरकला असेल तर फिट पक्षपाती आहे, रुंदी १.५ आली तर तुमची एरर खोटी आहे.

आता खरा डेटा. सिंटिलेटरमधले (कण गेला की चमकणाऱ्या, डिटेक्टरच्या पदार्थातले) काही ऋण म्युऑन कार्बनचं केंद्रक गिळतं, त्यामुळे उत्तर २.१९७ पेक्षा किंचित कमीच यायला हवं. तरीही मुलांच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये हटकून २.१९७ सापडतं, कारण पुस्तकातला आकडा येईपर्यंत फिटची सुरुवात पुढेमागे सरकवलेली असते. म्युऑनचंच आयुष्य मोजणाऱ्या स्वित्झर्लंडच्या म्यूलॅन प्रयोगात हेच टाळायला घड्याळाची नेमकी वारंवारता विश्लेषण करणाऱ्यांपासून लपवून ठेवली होती. तुम्हीही पार्टनरला सगळ्या वेळांना ०.९ ते १.१ मधल्या एखाद्या गुप्त आकड्याने गुणायला सांगा. फिटची रेंज, बिन, बॅकग्राउंड सगळं वहीत पेनाने लिहून झालं, की मगच तो आकडा विचारा.