मुलांचे फेंगडे पाय: या चुका टाळा

"लवकर उभं केलं, म्हणून पाय वाकले." ओपीडीत कुणाची तरी आजी हे सुनेकडे बघत सांगतेच. तसं काही नसतं. डायपरनेही पाय वाकत नाहीत. नुकत्या चालू लागलेल्या बाळाचे पाय फेंगडेच असतात. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात, तीन-चार वर्षांचं झालं की गुडघ्याला गुडघा घासायला लागतो आणि सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप जमून येतं. मालीश खुशाल करा, बाळ छान झोपतं. हाड त्याने सरळ होत नाही.

खास बूट? पैसे वाचवा.

माझा खरा राग आहे तो 'पाय वाकडे, म्हणजे मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार), म्हणजे द्या व्हिटॅमिन डीचं इंजेक्शन' या शॉर्टकटवर. चार वर्षांचा एक मुलगा आला होता. फायलीत सहा लाख युनिटची तीन इंजेक्शनं, एक्स-रे एकही नाही. आई बुटकी, डुलत चालणारी. तिला विचारलं तर म्हणाली, "माझे पाय लहानपणापासून असेच आहेत, डॉक्टर." तिला हे आधी कुणी विचारलंच नव्हतं! मुलाचं कॅल्शियम ठीक, फॉस्फरस खाली. या आनुवंशिक मुडदुसात फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं, साध्या डीने काही होत नाही. फॉस्फेट दिवसातून चार-पाचदा विभागून द्यावं लागतं, सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डीचं सक्रिय रूप. उगाच डी टोचत राहिलं तर कॅल्शियम चढतं आणि किडनीला भोवतं. म्हणून मनगट-गुडघ्याचा एक्स-रे, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (मुडदुसात रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि डीची पातळी हातात आल्याशिवाय मी इंजेक्शन लिहीत नाही.

एकच पाय वाकडा, तीन वर्षांनंतरही बाक वाढतोय, मूल लंगडतंय किंवा उंची खुंटलीय, तर थांबू नका. बाकीच्यांनी सहा महिन्यांतून एकदा फोटो काढावा: उभं करून, गुडघ्याच्या वाट्या समोर. दर रविवारी फोटो पाठवणाऱ्या बाबांनो, हाड आठवड्यात बदलत नाही.

याच्या उलट, बाक आपोआप जात नसतानाही 'दहावी होऊ दे, मग ऑपरेशनचं बघू' म्हणणारे. गुडघ्याजवळ हाड जिथून वाढतं त्या थराच्या एका बाजूला छोटी प्लेट बसवली की ती बाजू थोपते, दुसरी वाढते आणि पाय सरळ होतो. पण त्यासाठी वाढ शिल्लक हवी. मुलींची साधारण चौदाला, मुलांची सोळाला संपते. नंतर हाड कापूनच सरळ करावं लागतं.

आणि प्लेट बसवली म्हणजे काम झालं असंही नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या. पाय सरळ झाला की ती काढायची असते; राहिली तर पाय दुसऱ्या बाजूला वाकतो.