नांगरलेल्या होडीवरून ड्रोन उडवणाऱ्यांसाठी

मैदानावर ड्रोन नीट उडवता येतो, प्रमाणपत्र हातात आहे, आणि आता मालवण, देवबाग किंवा हर्णैकडे होडीवरून शूट करायचं पहिलं काम आलंय, अशांसाठी हे लिहितोय. स्टिक कशा धरायच्या, शटर किती ठेवायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

मी शिकलो त्या संस्थेत मोकळं मैदान होतं, चुन्याने आखलेलं हेलिपॅड होतं आणि शिक्षकही मन लावून शिकवायचे. पाण्याचा विषय मात्र एकदाही निघाला नाही. त्याची किंमत मी देवबागला मोजली. कर्ली नदीच्या तोंडाशी होडी नांगरलेली होती, ड्रोन आपणहून परत आला, आणि होडीपासून चांगलाच लांब, भर पाण्यात शांतपणे उतरला. त्यात काहीच बिघाड नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हा एकच मुद्दा जरा लांबवून सांगतो.

चालू झाल्यावर किंवा उड्डाण घेताना ड्रोन जीपीएसवरून आपली जागा ‘होम पॉइंट’ म्हणून नोंदवतो. होडी त्याला ठाऊक नसते, ठाऊक असतात ते अक्षांश-रेखांश. आपल्याला वाटतं नांगर टाकला म्हणजे होडी थांबली. पण सहा मीटर पाण्यात तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, तीस मीटर दोर सोडतो, आणि त्या दोराच्या टोकाला होडी नांगराभोवती फिरत राहते. ओहोटीला तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाडीच्या आतल्या बाजूला असते, भरती लागली की उलट फिरून समुद्राकडे होते. म्हणजे तुम्ही उडालात ती जागा आणि आत्ता उभे आहात ती जागा यांत पन्नास मीटरहून जास्त अंतर पडू शकतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी संथ असतं, हे सगळं सावकाश होतं. उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, बघता बघता होतं.

अशा वेळी रिमोटचा सिग्नल तुटला की ड्रोन ‘रिटर्न टू होम’ सुरू करतो. बॅटरी उतरली की सुरू करतोच. तेव्हा तो होम पॉइंटपर्यंतचं अंतर मोजून ठरवतो, तुमच्यापर्यंतचं नाही. खाली पाणी दिसलं तर तो उतरायचं थांबवेल असं काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यावर विसंबू नका. आणि बॅटरी अगदी तळाला गेली की सक्तीचं उतरणं सुरू होतं, ते तुम्हाला रद्द करता येत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. सिग्नल तुटल्यावर काय करायचं या सेटिंगमध्ये ‘हॉवर’ ठेवतो, म्हणजे तो आहे तिथेच थांबतो आणि मला रिमोट उंच धरून सिग्नल परत मिळवायला वेळ मिळतो. दर दोन-तीन मिनिटांनी होम पॉइंट रिमोटच्या जागेवर अपडेट करतो आणि तशी सूचना ऐकू आली की मगच पुढचा शॉट. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की समोर कितीही सुंदर काही चाललं असलं तरी परत फिरतो. जेटीवरच ड्रोन चालू करून होडीत बसायचा एक शॉर्टकट फार फिरतोय, कारण डुलत्या होडीत चालू केला की आयएमयूची, म्हणजे ड्रोनची हालचाल आणि कल मोजणाऱ्या सेन्सरची, सूचना येते. तो शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. होम पॉइंट जेटीवर नोंदला गेला तर तुम्ही सापळा स्वतःच लावलात. संथ पाण्यात थांबा, इंजिन बंद करा, ड्रोन हातात स्थिर धरून चालू करा. नांगराच्या लोखंडी साखळीपासून आणि इंजिनपासून दूर, नाहीतर कंपास बिघडतो.

घाबरू नका, हे अंगवळणी पडतं. आणि शिकवणारा माणूस होडीतच असतो. ड्रोनमधला कितीही जाणकार असू दे, या कामात गुरू म्हणजे तांडेल, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या नुकसानीनंतर मी ज्यांच्या होडीवर जाऊ लागलो, ते काका पाण्यावरचा फेस कुठल्या बाजूला सरकतोय ते बघत म्हणायचे, “वायच थांब रे, पाणी फिरतला आता. होडी उलटी जातली, मगे उडव.” खरोखर थोड्या वेळात नांगराचा दोर सैल पडायचा, होडी आडवी व्हायची आणि फिरून दुसऱ्या बाजूला ताणली जायची. दोर पुन्हा ताठ झाला की मी उडवतो. हे कुठलंच ॲप सांगत नाही.

वाराही त्यांनाच विचारा. पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, दुपारी खारे वारे उलटे. सकाळी ड्रोन आधी किनाऱ्याच्या बाजूला न्या, म्हणजे परतताना वारा पाठीशी असेल. सकाळी समुद्राच्या बाजूला लांब गेलात तर परतीला वारा तोंडावर येतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. होडीत लागणाऱ्या वाऱ्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधू नका, वर तो जास्तच असतो.

पाण्यालगतचे शॉट सगळ्यांनाच हवे असतात. पण ड्रोनचे खालचे कॅमेरे जमिनीवरच्या खुणा बघून स्थिर राहतात, आणि लाटा सरकत्या असतात. तो लाटांबरोबर वाहू लागतो, कधी उंचीही चुकते. सुरुवातीला दहा मीटरच्या खाली जाऊच नका.

उतरवताना दोन माणसं लागतातच. एक रिमोटवर, दुसरा झेलायला. त्याच्या हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. ताडपत्री आणि डोलकाठी टाळून मोकळ्या बाजूला उभं राहायचं. ड्रोन वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणायचा, म्हणजे काही बिनसलं तर वारा त्याला माणसांपासून दूर नेतो. अडथळे ओळखणारे सेन्सर शेवटच्या टप्प्यात बंद करा, नाहीतर हात दिसला की तो मागे सरतो. एकट्याने झेलण्याचे व्हिडिओ बघून तसं करायला जाऊ नका. बोटं कापतात.

परवानगीचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमवरचा ड्रोन कमाईसाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं, आणि ग्रीन झोनमध्येही, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या भागातही, कमाल उंची ४०० फूट. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून त्या बाजूला शूट करण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायलाच हवा. स्थानिक पोलीस ठाण्यातही विचारा, मधूनच ड्रोनबंदीचे आदेश निघतात.

सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा ही तिन्ही पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालची ठिकाणं आहेत. लग्नाचं किंवा हॉटेलचं काम देणारा हमखास म्हणतो, “होडीतूनच तर घ्यायचाय, किल्ल्यावर कुठे उतरतोय?” लेखी परवानगी नसेल तर सरळ नाही म्हणा. काम जाईल, जाऊ दे. त्याऐवजी रापणीचा शॉट सुचवा: किनाऱ्यावर दोन बाजूंनी दोर ओढणारी माणसं आणि मधे पाण्यातली जाळ्याची कमान. रापणकरांना आधी विचारा. हा शॉट वाळूवर उभं राहून घेता येतो, म्हणून पहिल्या कामाला तोच बरा.