जेल बसेना, तेव्हा गाडी कितवी ते विचारा

मासळीच्या संशोधनात नोकरी करायची म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एप्रिल महिना. रत्नागिरीतला सुरीमीचा, म्हणजे धुतलेल्या माशाच्या खिम्याचा, एक कारखाना आणि माझ्या नोकरीचा सहावा आठवडा. सकाळच्या मालाचं जेल, म्हणजे शिजवल्यावर येणारा लवचिक घट्टपणा, छान यायचं आणि दुपारी तेच जेल हातात तुटायचं. मशीन तेच, पाणी तेच, साखर तीच. मासासुद्धा तोच, राणी. मी नुकताच एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर, होऊन आलेलो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला रासायनिक कारण असतं यावर माझा फार विश्वास होता. तीन आठवडे मी पाण्याचा कठीणपणा, पीएच आणि पॉलिफॉस्फेटचं प्रमाण मोजत बसलो. मॅनेजरला रोज एक आलेख द्यायचो आणि ते तो आलेख तितक्याच नेमाने ड्रॉवरमध्ये टाकायचे.

सुरीमी कशी होते ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. राणी माशाचं डोकं आणि पोट काढून त्याचा खिमा करतात. मग हा खिमा बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुतात. रक्त, चरबी आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं निघून जातात आणि मागे स्नायूंचे धागे उरतात. पाणी पिळून काढायचं, साखर, सॉर्बिटॉल आणि फॉस्फेट मिसळायचं आणि १० किलोच्या लाद्या गोठवायच्या. पुढे परदेशात त्यातून क्रॅब स्टिक, कामाबोको असले पदार्थ होतात. साखर कशाला, असा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. नुसता धुतलेला खिमा गोठवला की प्रथिनं बिघडतात आणि जेल धरत नाही. साखर ती टिकवते. हे १९६० च्या सुमारास जपानच्या होक्काइदो बेटावर कळलं, तोवर सुरीमी बहुतेक ताजी ताजीच वापरावी लागे. एका साखरेने अख्खा धंदा समुद्रापार नेला. संशोधनाने पैसा कसा होतो याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

तपासणी अशी की सुरीमीत सुमारे ३ टक्के मीठ घालून कुटायचं, नळीत भरायचं, ४० अंशांवर अर्धा तास ठेवायचं आणि मग ९० अंशांवर शिजवायचं. मधल्या ६० अंशांच्या आसपास रेंगाळायचं नाही, कारण तिथे माशातलीच विकरं जेल सैल करतात. तयार कांडीची ३ मिलिमीटरची चकती चारपदरी दुमडली आणि तडा गेला नाही, तर माल उत्तम. माझ्या दुपारच्या चकत्या दोन पदरांतच फाटत होत्या.

तोडगा शेवटी खिमा मशीनवरच्या मामांकडून मिळाला. सतरा वर्षं त्याच मशीनवर काढलेला माणूस. म्हणाले, "सर, तुम्ही पाणी कशाला तपासताय? गाडी कितवी आली ते बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी मिरकरवाडा बंदरावर गेलो. पाचवीला असताना शाळेची सहल गेली होती, त्यानंतर थेट तेव्हाच. मत्स्यविज्ञानात दोन पदव्या घेतलेल्या माणसाने हे सांगणं बरं दिसत नाही, पण आहे ते असं आहे. तिथल्या मच्छीमार दालदी समाजातल्या एका चाचांनी मला ट्रॉलरच्या खणाच्या तोंडाशी उभं केलं आणि समजावलं. ट्रॉलर आठ-दहा दिवस समुद्रात असतो. पहिल्या दिवशीचा मासा खणाच्या तळाशी आणि शेवटच्या दिवशीचा वर. उतरवताना आधी निघतो तो वरचा, म्हणजे ताजा. कारखान्यात येणारी पहिली गाडी कालच्या मासळीची आणि चौथी गाडी आठवड्यापूर्वीच्या, वरच्या वजनाने दबलेल्या, वितळत्या बर्फाच्या पाण्यात पडून राहिलेल्या मासळीची. सकाळी पहिली गाडी चालायची, दुपारी चौथी. माझं पाणी, पीएच, फॉस्फेट सगळं निर्दोष होतं.

मग मी वहीत एकच नवा रकाना आखला, 'गाडी कितवी'. दोन आठवड्यांत आलेख इतका सरळ आला की मलाच लाज वाटली. उपायाला खर्च शून्य होता. पहिल्या-दुसऱ्या गाडीचा माल वेगळा चालवायचा आणि वरच्या दर्जाचा म्हणून विकायचा, तळाचा माल वेगळ्या खात्यात. हा शून्य खर्चाचा उपाय मान्य करून घ्यायला मात्र चार महिने लागले. खरेदीवाल्यांना चौथी गाडी 'कमी दर्जाची' असं कागदावर यायला नको होतं, दलालाशी दर आधीच ठरलेले असत. ते चार महिने माझ्या शिक्षणातले सर्वांत महाग महिने. संशोधनाचा निष्कर्ष कुणाच्या तरी खिशाला लागतो, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

आता शिक्षणाबद्दल. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. आपल्याकडे जुनं आणि ओळखीचं ठिकाण म्हणजे रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, १९८१ पासूनचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं. नागपूर आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत, ती पशुविज्ञान विद्यापीठाची. पुढे एम.एफ.एस्सी. करायचं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती १९६१ ची, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. तिथे जायचं तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, परीक्षा. प्रक्रिया आणि जाळ्यांच्या संशोधनाची देशातली मुख्य संस्था कोचीची, सिफ्ट, १९५७ पासूनची. इंटर्नशिप करायची असेल तर तिथली मिळवायचा प्रयत्न करा, मल्याळम येत नसलं तरी चालतं. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, फूड टेक्नॉलॉजी केलेली मुलंही या क्षेत्रात येतात आणि चांगली टिकतात. माझ्या पहिल्या टीममधली सर्वांत हुशार मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची होती, शुद्ध शाकाहारी, आणि नुसत्या वासावरून कुठला मासा किती तासांचा ते सांगायची.

कारखान्याच्या दारावर 'आर अँड डी' अशी पाटी क्वचितच दिसेल. बहुतेक ठिकाणी हे काम क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या, खोलीतच चालतं आणि दिवसाचा मोठा भाग कागदांत जातो. याचं मूळ १९९७ मध्ये आहे. त्या वर्षी युरोपने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर बंदी घातली आणि कारखान्यांना फरशीपासून पाण्यापर्यंत सगळं बदलावं लागलं. हॅसेप (माल कुठल्या टप्प्यावर बिघडू शकतो ते आधीच ओळखून सांभाळायची पद्धत) हा शब्द तेव्हापासून प्रत्येक सुपरवायझरच्या तोंडी बसला. नवीन मुलांना हा कागदांचा भाग कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटायचा. तरी पहिलं वर्ष निमूटपणे करा, कारण कुठल्या टप्प्यावर माल नासतो याचा पूर्ण नकाशा त्या रजिस्टरांतच असतो.

वान्नामेई कोळंबीच्या कारखान्यात गेलात तर निम्मं आयुष्य प्रतिजैविकांच्या अंशांमागे जाईल. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचा मागमूसही चालत नाही, त्यामुळे तळ्यातून कोळंबी काढण्याआधीच नमुना तपासावा लागतो. त्यावर अधिक लिहीत नाही, त्या कामात माझा हात फारसा नाही.

बांगड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली. बांगडा, कुप्पा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा गरम जागी राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा झालेलं हिस्टामिन गोठवून जात नाही, तळून जात नाही, उकडूनही जात नाही. मासा दिसायला बरा, वासाला बरा, आणि खाणाऱ्याचं तोंड लाल, अंगावर गांधी. युरोपचा नियम असा की एका खेपेच्या नऊ नमुन्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी आणि एकही नमुना २०० च्या वर जायला नको. मी मसाला लावलेल्या बांगड्याच्या तुकड्यांचा प्रयोग करत होतो. मसाला मुरावा म्हणून टब बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवले आणि एका मीटिंगला गेलो. मीटिंग लांबली. संध्याकाळी चव घेतली, अप्रतिम. आठवड्याने अहवाल आला आणि अख्खी बॅच पुरावी लागली. त्या दिवसापासून माझ्या खिशात पेनाऐवजी टोच्या थर्मामीटर असतो.

नवा पदार्थ काढणं हे या नोकरीतलं सगळ्यांना हवंहवंसं काम, आणि ते वर्षातून फार तर दोनदा वाट्याला येतं. मला एकदा तळायला तयार बोंबील करायचा होता. बोंबलात पाणीच पाणी, गोठवून वितळला की पिशवीत अर्धा ग्लास पाणी आणि एक दमलेला मासा. कॅल्शियमचं द्रावण झालं, स्टार्च झाला, वेगवेगळे लेप झाले. शेवटी सुट्टीत घरी गेलो तर आई चिरलेले बोंबील फडक्यात घालून वर पाटा ठेवत होती. आमच्याकडे पाणी काढायची हीच रीत, मी ती लहानपणापासून बघत आलेलो. परत येऊन दोन ताटांमध्ये दाबून बघितलं. किती दाब, किती वेळ आणि किती गार हे ठरवायला दोन महिने गेले, कारण पाट्याचं वजन आईला हाताने कळतं आणि मशीनला आकडा द्यावा लागतो. घरची रीत आकड्यांत मांडणं हेही संशोधनच आहे, फक्त ते शोधनिबंधात जरा वेगळ्या शब्दांत लिहावं लागतं.

कारखान्यात मन रमत नसेल तर जाळ्यांचा रस्ता आहे. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, मागच्या पिशवीचा आस (जाळ्याचं भोक) हिऱ्याच्या आकाराचा असला की ओढताना तो ताणून मिटतो आणि पिल्लंही अडकतात. चौकोनी आसाची ४० मिलिमीटरची पिशवी उघडी राहते, लहान मासा निसटतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, सांगून बघा. तो विचारेल, निसटलेल्या मासळीचं डिझेल कोण भरणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर देता आलं पाहिजे. कासव बाहेर सोडणाऱ्या टेड या चौकटीचंही तेच. ती बोटींवर नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, तेव्हा कुठे या विषयाला वजन आलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडायचं किमान आकारमान ठरवलं. आता ते पाळलं जाईल असं जाळं विणणारी माणसं हवी आहेत. माझा कल विचाराल तर आज मी पुन्हा सुरुवात केली असती तर याच वाटेने गेलो असतो.

काही बारक्यासारक्या गोष्टी. हॉलमध्ये थंडी असते, गमबुटात दोन मोजे घाला. केसांतला वास शिकेकाईने जातो, शाम्पूने नाही. सेंट मारून बसमध्ये चढू नका, दोन्ही वास मिळून जे होतं त्यापेक्षा एकटी मासळी परवडते. सोलाई करणाऱ्या बायकांना ताई म्हणा, बंदरावरच्या वडीलधाऱ्यांना चाचा किंवा मामा, आणि लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नका. बर्फाबद्दल कुणी काहीही सांगो, आपण स्वतः खोक्यात हात घालून बघा, तळाशी.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. मुंबईत फूड कंपनीत गेलेले वर्गमित्र पहिली तीन-चार वर्षं तुमच्या पुढे असतील. त्यानंतर कच्चा माल ओळखणारा माणूस कंपन्या सहसा सोडत नाहीत.

आणि अर्ज जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या मध्यापर्यंत टाका. पावसाळी मासेमारीबंदीत बोटी नांगरलेल्या असतात, बरीच मशीनं उघडून ठेवलेली असतात, मॅनेजर चहा घेत बोलायच्या मनःस्थितीत असतात. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की तुमचा बायोडेटा वाचायला कुणाचे हात कोरडे नसतात.