जर्मन घरात वर्षभर राहायला जाताय? आधी ‘हो’ म्हणायला शिका

जर्मनीतले पहिले तीन दिवस मी अर्धपोटी काढले, आणि त्यात त्या घरच्यांची काहीच चूक नव्हती. टेबलावर ब्रेड, चीज, काकडी, सूप सगळं असायचं. घरची ताई भांडं पुढे करून विचारायची, ‘अजून घेतेस?’ मी पाठ करून गेलेला शब्द म्हणायची, ‘डांके’, म्हणजे धन्यवाद. ती भांडं बाजूला ठेवून द्यायची. वाढताना ‘डांके’ म्हटलं की तिथे ‘नको, पुरे’ असं समजतात, हे मला चौथ्या दिवशी कळलं. हवं असेल तर ‘या, गेर्न’ म्हणायचं. आमच्या दारव्हा तालुक्यात पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणावं आणि घरच्या बाईने तिसऱ्यांदा ताटात भाकर टाकावीच. तिथे एकदाच विचारतात आणि तुम्ही जे बोलाल ते खरं मानतात. वर्षभरात जेवणापासून सुट्टीपर्यंत माझी जिथे जिथे अडचण झाली, ती मी तोंड न उघडल्यामुळे झाली. म्हणून हे लिहिते आहे.

मी ओ पेअर म्हणून गेले होते. म्हणजे एका कुटुंबात राहायचं, त्यांची लेकरं सांभाळायची, घरात हातभार लावायचा आणि भाषा शिकायची. मुलगे असोत वा मुली, व्हिसाचा अर्ज करताना वय 18 ते 26 लागतं. मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा. जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी हवी. मी मोबाइलवर क्लास केला आणि बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, परीक्षा दिली. ‘भाषेचं राहू दे, कागद आम्ही पाहतो’ असं जो म्हणेल त्याला एक रुपया देऊ नका. कुटुंबाचा सहीचा करार हातात आल्याशिवाय तर मुळीच नाही. विमानाचं तिकीट सहसा आपल्यालाच काढावं लागतं, त्याची तजवीज कापूस विकायच्या हंगामातच करून ठेवा.

करारात काय असतं ते नीट वाचा. महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी महिन्याला 70 युरो, विमा कुटुंबाकडून, राहायला स्वतंत्र खोली. काम दिवसाला सहा तास आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा. रात्री आईबाप बाहेर गेले आणि तुम्ही लेकरांजवळ बसलात, तर तो वेळही कामातच धरतात.

हे तास मी पहिले दोन महिने मोजलेच नाहीत. घरचीच लेकरं, त्यात कसला हिशोब, असं वाटायचं. मग एका आठवड्यात चार रात्री मीच घरी, आणि सकाळी क्लासमध्ये डोळे मिटायला लागले. फोनवर आई म्हणाली, ‘तुहा आवाज काहून बारीक हाये वो?’ तेव्हा मला तिची वेचणीची वही आठवली. कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला, ते ती रोज संध्याकाळी लिहून ठेवते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट शनिवारी पैसे देताना भांडण होत नाही. मीही तशी वही केली. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. रविवारी नाश्त्यानंतर ती वही टेबलावर ठेवली आणि तुटक्याफुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की तास जास्त होत आहेत. मला वाटलं होतं रागावतील. ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पुढच्या महिन्याच्या रात्री तिथल्या तिथे वाटून टाकल्या. तुम्ही ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि ती त्यांना माहीत असू द्या.

लेकरांचं म्हणाल तर पावसात, थंडीत ती बाहेर खेळणारच. चिखलात घालायची वेगळी रबरी पँट असते, ती घालून सोडायचं आणि आल्यावर दारातच काढायची. तीन वर्षांच्या धाकट्याला मी ‘लेकरा’ म्हणायची, वर्षाअखेर तोही मला ‘लेकरा’ म्हणून हाक मारायचा. बालवाडीतून आणायला जाण्याआधी तुमचं नाव तिथे लिहून दिलं आहे का, ते विचारून घ्या.

बॅगेत तिखट, हळद, कुरडया आणि मूगवड्या न्या. तूप, पेढे, दुधाचं काहीही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बेसन तिथल्या आशियाई दुकानात मिळतं. मी एकदा पाटोडीचा रस्सा केला आणि फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म वाजला. खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, मगच मिरची टाका. त्यांच्यासाठी तिखट कमी करा, स्वतःसाठी ठेचा वाटीत वेगळा ठेवा.

घरी फोन कधी करायचा ते आधीच ठरवा. उन्हाळ्यात आपली घड्याळं साडेतीन तास पुढे असतात, हिवाळ्यात साडेचार. गावात संध्याकाळी सात वाजता लाइट असली की आई गच्चीवर जाऊन बसायची. तेव्हा माझ्याकडे दुपारचे अडीच किंवा साडेतीन, आणि मोठीला शाळेतून आणायची वेळ. शेवटी रविवार ठरवला. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधारतं आणि घराची आठवण सगळ्यात जास्त तेव्हाच येते. त्या महिन्यात फोन चुकवू नका, आणि रडू आलं तर आईपासून लपवू नका.

घर खरोखरच वाईट निघालं, तासांचं सांगूनही ऐकत नाहीत, पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, तर थांबू नका. पासपोर्ट कायम तुमच्याच कपाटात हवा. करारात साधारण दोन आठवड्यांची नोटीस असते, तेवढ्यात दुसरं कुटुंब शोधता येतं, पण तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. जिवाला धोका वाटला तर 112 हा नंबर फिरवा. तो, घराचा पत्ता आणि ‘मला मदत हवी आहे’ हे जर्मन वाक्य कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये घालून ठेवा, विमानात बसायच्या आधीच.